पत्र्याखालचं अस्तर

मे महिन्याच्या मध्यावर अलिबागजवळच्या थळमध्ये दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. गावाचा अक्षांश साधारण १८.७ अंश उत्तर, आणि उत्तरेकडे सरकणारा सूर्य तिथवर १५ मेच्या आसपास पोहोचतो. परतीच्या वाटेवर, जुलैअखेर, तो पुन्हा माथ्यावर येतो खरा. पण तेव्हा मध्ये ढग असतात. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात कडक दिवसांत, भर दुपारी, इथल्या भिंतींवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. जे पडतं ते सगळं छपरावर. निरभ्र आकाशातलं हे ऊन चौरस मीटरला ९०० ते १००० वॅट भरतं. वीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब शेडचं छप्पर ७४ चौरस मीटरचं धरलं, तर त्या एका छपरावर ७० किलोवॅटच्या आसपास शक्ती ओतली जात असते. कोळीवाड्याजवळ होड्यांची इंजिनं खोलणारा मेकॅनिक असो, की मुंबईकरांच्या बंगल्यांची फाटकं जोडणारा वेल्डर असो, त्याच्या डोक्यावर बहुधा पन्हळी पत्रा असतो. या पत्र्याला आतून अस्तर लावायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: काम आपणच करावं की कंत्राटदाराला द्यावं? या प्रकरणाचा विषय दुसरा प्रश्न आहे. पण तो बहुतेक वेळा चुकीच्या टोकानं धरला जातो. आपल्या हातात कसब आहे का, असं विचारलं जातं. विचारायला हवं ते असं: या कामात चूक झाली तर ती मला दिसेल का, आणि दिसली तर उलगडून दुरुस्त करता येईल का?

हे पटण्यासाठी आधी उष्णता खाली कशी उतरते ते पाहायला हवं. जुना, काळवंडलेला पत्रा उन्हात ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. त्याखालची हवा तापते ती वरच्या वर आढ्याशी साचून राहते, कारण गरम हवा खाली येत नाही. तरीही खाली उभ्या माणसाचं डोकं भाजतं, ते किरणोत्सर्गामुळे. तापलेला पत्रा अवरक्त किरण खाली फेकतो, आणि त्यांना हवेची गरज नसते. हिशेब सोपा आहे. ६५ अंशांचा पूर्ण काळा पृष्ठभाग चौरस मीटरला सुमारे ७४० वॅट फेकतो, ३५ अंशांची जमीन आणि वस्तू सुमारे ५१० वॅट परत पाठवतात. फरक २३० वॅटचा. गंजलेली किंवा रंगवलेली खालची बाजू याच्या नऊ दशांशाइतकी काम करते असं धरलं, तर आपल्या ७४ चौरस मीटरच्या छपरातून १५ किलोवॅट उष्णता केवळ किरणांनी खाली येते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता उपसतो, त्यावरून अंदाज बांधावा. आता याच पत्र्याखाली थोडी पोकळी सोडून चकचकीत ॲल्युमिनियमचा पातळ पडदा बांधला तर? चकचकीत ॲल्युमिनियम किरण फेकण्यात अतिशय कंजूष असतं, काळ्या पृष्ठभागाच्या जेमतेम विसाव्या हिश्शाइतकं. पंधरा किलोवॅटचा आकडा एका किलोवॅटच्या आसपास येतो. या पडद्याची जाडी कागदाइतकी असते. थळसारख्या ठिकाणी उन्हाविरुद्धची लढाई जाडीनं जिंकायची नसते, आणि म्हणूनच तिचा मोठा भाग स्वतःच्या हातानं लढता येतो.

फॉइलच्या कामाचे नियम फार नाहीत. पत्रा आणि फॉइल यांच्यात किमान इंचभर पोकळी हवी. फॉइल थेट पत्र्याला चिकटवली तर वरच्या बाजूचा चकचकीतपणा वाया जातो. एकच बाजू चकचकीत असेल तर ती खाली ठेवावी, कारण वर तोंड करून ठेवलेल्या आरशावर धूळ बसते आणि धुळीखालचा आरसा आरसा राहत नाही. पडदा छपराच्या पाखाला समांतर, उतरता बांधावा. वळचणीकडचं टोक मोकळं सोडावं म्हणजे वरून ठिबकलेलं पाणी घरंगळून बाहेर जाईल, आणि आढ्याशीही फट ठेवावी म्हणजे पोकळीतली गरम हवा निघून जाईल. किनाऱ्यावर उघडं ॲल्युमिनियम मिठानं टोचलं जातं, त्यामुळे संरक्षक थर असलेलं फॉइल घ्यावं. यातलं काही बिघडलं तर लगेच कळतं: पडदा लोंबकळतो, फाटतो, खालून दिसतो. पुढच्या रविवारी शिडी लावून तो नीट करता येतो. पत्र्याला वरून पांढरा परावर्तक रंग देणं हेही याच जातीचं काम. अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांच्या छपरांवर पांढरा थर देण्याचा कार्यक्रम चालू झाला आणि तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं, ते या उपायाच्या स्वस्ताईमुळे. मात्र स्लॅबवर चालणारा चुना पत्र्यावर धरत नाही, पहिल्या वळवात वाहून जातो. जस्ताच्या पत्र्याला साजेसा प्रायमर आणि त्यावर ॲक्रिलिक रंग हवा. तोही दर दोन-तीन वर्षांनी परत द्यावा लागतो. कोकणानं शाकारणी पिढ्यान्‌पिढ्या केली आहे, पावसाआधी छपरावर चढणं इथे कुणाला नवं नाही. (जुना सिमेंटचा, म्हणजे ॲस्बेस्टॉसचा पत्रा असेल तर मात्र चढूही नये आणि त्याला भोकही पाडू नये. तो वजनानं कडकन तुटतो, आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.)

इथवर प्रश्न फक्त उन्हाचा होता. थळमध्ये खरा अवघड प्रतिस्पर्धी ऊन नाही, पाणी आहे; आणि तेही पावसाचं नव्हे, हवेतलं. जुलैतल्या २८ अंश तापमानाच्या, ९० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या वर असतो. म्हणजे एखादी वस्तू हवेपेक्षा फक्त दोन अंशांनी थंड असली की तिच्यावर पाणी धरतं. हिवाळ्यात वेगळीच गंमत. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतो आणि आसपासच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतो. पहाटे त्याच्या खालच्या अंगाला दव सुटतं आणि लेथच्या घासलेल्या पट्ट्यांवर टपटपतं. पाऊस नाही, गळती नाही, तरी हत्यारं गंजतात. आणि या पाण्यात समुद्राकडून आलेलं मीठ मिसळलेलं असतं. अस्तर लावण्यामागे हे पाणी थांबवणं हाही हेतू असतो, पण नेमकं इथेच चुकीचं अस्तर दुखणं बरं करण्याऐवजी झाकून टाकतं. ग्लासवूल किंवा रॉकवूल उष्णता अडवतं ते स्वतःच्या तंतूंमुळे नव्हे, तंतूंमध्ये अडकलेल्या स्तब्ध हवेमुळे. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की सगळं उलटतं, कारण पाणी स्थिर हवेपेक्षा वीसहून अधिक पटींनी उष्णता वाहतं. त्याहून वाईट म्हणजे ओला झालेला लोकरीचा थर पत्र्याच्या अंगाला महिनोन्‌महिने खारट ओलसर फडकं लावून ठेवतो. पत्रा आतून कुजतो आणि वरून छान दिसतो.

मोठ्या रासायनिक कारखान्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक असतं. थळचाच खत कारखाना घ्या. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा हा प्रकल्प १९८०च्या दशकात मुंबई हायच्या वायूवर उभा राहिला. अमोनिया आणि युरिया करणाऱ्या अशा कारखान्यात एकीकडे उच्च दाबाच्या वाफेच्या नळ्या असतात, तर दुसरीकडे द्रव अमोनिया साध्या दाबाला साठवायचा तर उणे ३३ अंश राखावे लागतात. दोन्हींना अस्तर लागतं. आणि जगभरच्या अशा उद्योगांत अस्तराखालचा गंज हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, कारण तो बाहेरून दिसत नाही. नळी फुटते तेव्हाच कळतो. म्हणून तिथे अस्तर लावणं हा वेगळा व्यवसाय आहे, त्याचे सांधे, वरचं पत्र्याचं आवरण, पाणी शिरण्याच्या जागा यांची तपासणी ठरलेली असते. छोट्या शेडमध्ये उणे ३३ अंश नसतात, हे खरं. पण तत्त्व तेच राहतं: जिथे दोष झाकला जातो तिथे हौसेचं काम महाग पडतं.

यात आणखी एक पेच आहे, आणि बहुतेक हौशी कारागीर त्यात अडकतात. स्वतः काम करण्याची माहिती आज भरपूर मिळते, पण तिचा मोठा भाग थंड देशांत तयार झालेला असतो. तिथे आतली हवा उबदार आणि दमट, बाहेरची थंड आणि कोरडी. वाफ आतून बाहेर जाते, म्हणून प्लास्टिकचा वाफरोधक पडदा अस्तराच्या आतल्या बाजूला लावायला सांगतात. थळमध्ये शेडच्या कोपऱ्यात २३ अंशांची वातानुकूलित केबिन केली आणि हीच सूचना पाळली, तर वाफ बाहेरून आत येते, लोकरीतून आरपार जाते आणि आतल्या थंड प्लास्टिकच्या पाठीवर पाणी होऊन बसते. इथे पडदा बाहेरच्या बाजूला हवा. पण ज्या भागात एसी नाही तिथे हिवाळी पहाटे थंड असतो तो वरचा पत्रा आणि दमट असते ती खालची हवा, म्हणजे तिथे खालची बाजू बंद हवी. एकाच छपराखाली, एकाच वर्षात, दोन उलट मागण्या. त्यांचं उत्तर आहे, पण ते ‘कुठला रोल आणू’ या प्रश्नाचं उत्तर नाही. केबिनला स्वतःचं वेगळं छत करावं लागतं, किंवा पाणी न शोषणाऱ्या बंद पेशींच्या फोमचं पॅनेल वापरून प्रत्येक सांधा बंद करावा लागतो. एक इंच उघडा राहिलेला सांधा बाकी सगळ्या कामाला निकामी करतो, आणि तो पॅनेलच्या आड असतो.

वर्कशॉप म्हणजे राहतं घर नव्हे, याचा विसर साहित्य निवडतानाच पडतो. थर्माकोल स्वस्त, हलका, चाकूनं कापता येणारा. म्हणून स्वतः काम करणाऱ्याचा हात पहिल्यांदा त्याच्याकडे जातो. पण तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, आणि उन्हातला पत्रा त्या आकड्यापासून फार लांब नसतो. थिनरचा आणि पेट्रोलचा शिडकावा त्याला विरघळवतो. पेटला की वितळून जळते थेंब खाली टाकतो. लोखंड कापतानाच्या ठिणग्या दहा मीटरपर्यंत उडतात. चाळीस फुटी शेडमध्ये त्यांच्या टप्प्याबाहेर काय उरतं? पॉलियुरेथेनच्या फवारलेल्या फोमचा धूर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड घेऊन येतो, आणि फवारताना हवेत सुटणारे आयसोसायनेट दम्याला निमंत्रण देतात. शिवाय तो पत्र्याला इतका घट्ट चिकटतो की खालचा गंज पाहायचा तर पत्राच बदलावा लागतो. वेल्डिंग चालतं तिथे रॉकवूल किंवा ग्लासवूल, किंवा नुसती पोकळी आणि फॉइल, एवढेच पर्याय मला ग्राह्य वाटतात. आणि फॉइलच्या बाबतही विक्रेत्याकडून तिच्या मागचा थर जळतो की नाही हे लेखी घ्यावं.

वाऱ्याबद्दल थोडं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, झोत १२० पर्यंत. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. वेगाच्या वर्गाला ०.६ नं गुणलं की दाब मिळतो. इथे तो चौरस मीटरला ६७० न्यूटनच्या आसपास, म्हणजे ६८ किलो वजनाइतका येतो. आपल्या शेडच्या छपरावर हे पाच टन झाले, आणि कडांना व कोपऱ्यांना ओढ याहून जास्त असते. एका बाजूनं उघडी शेड असेल तर आत कोंडलेला वारा खालूनही ढकलतो. बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस ८७५च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्या वेगाला दाब जवळजवळ पावणेदोनपट होतो. आता पत्रा आणि त्याला पेलणाऱ्या आडव्या पर्लिन यांच्यामध्ये लोकरीचा रोल अंथरण्याची पद्धत पाहा. त्यासाठी पत्रे काढून पुन्हा बसवावे लागतात, आणि स्क्रू मऊ थरातून जातो. तो लांब हवा. ढिला राहिला तर पत्रा फडफडतो, जास्त आवळला तर लोकर चेपून तिथली हवा निघून जाते आणि रबरी वॉशर फाटतो. हे काम स्वतः करू नये असं मी म्हणतो ते उंचीच्या भीतीनं नव्हे (ती भीतीही रास्तच आहे), तर एवढ्यासाठी की याची चूक पुढच्या वादळात कळते.

यावर थळमधला माणूस म्हणेल की इथल्या हातांना कसबाची ददात नाही. होडीच्या फळ्यांमधली फट भरून ती वर्षानुवर्षं समुद्रात चालवणाऱ्या गावाला सांधा बंद करणं कुणी शिकवावं? आक्षेप जोरदार आहे, आणि अर्धा बरोबरही. पण होडीचा सांधा चुकला तर पाणी त्याच दिवशी पायाशी येतं. हे कसब चूक लवकर दिसण्यावर पोसलेलं आहे, दर हंगामात होडी किनाऱ्यावर ओढून तपासण्यावर पोसलेलं आहे. झाकलेल्या अस्तराला असा हंगाम नसतो. ज्याला तो निर्माण करता येईल, म्हणजे खालचं आवरण स्क्रूनं बसवून दरवर्षी दिवाळीनंतर दोन-चार जागी उघडून पाहता येईल अशी रचना जो करील, त्यानं कंत्राटदाराला न बोलावता बरंच काही करावं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर: कंत्राटदार तरी कुठे जाणकार असतो? याचा सगळ्यात कडू दाखला ऑस्ट्रेलियात आहे. तिथल्या सरकारनं २००९ मध्ये घरांच्या छताला अस्तर लावण्यासाठी मोठं अनुदान दिलं. कामाचा पूर आला, रातोरात कंत्राटदार तयार झाले आणि अर्धवट शिकवलेली तरुण मुलं पत्र्याखालच्या पोकळीत शिरली. चार जण मेले: तिघे विजेच्या धक्क्यानं, एक उष्णतेनं. फॉइल ठोकताना धातूची पिन वायरीत घुसली की सगळी फॉइल जिवंत होते, हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद झाली आणि पुढे शाही आयोग नेमावा लागला. ही सगळी कामं पैसे देऊन करून घेतलेलीच होती. तेव्हा ‘व्यावसायिक’ हा शब्द स्वतःहून कसलीच हमी देत नाही. स्वतः फॉइल बांधणाऱ्यानंही आधी मेन स्विच बंद करावा, वायरी पाइपात घालून घ्याव्यात आणि पिनांऐवजी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी पडदा बांधावा. आणि दुपारी पत्र्याखाली शिरू नये.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात आवडतो: समुद्राचा वारा फुकट असताना अस्तर हवंच कशाला? दोन बाजूंनी उघड्या शेडमध्ये भिंतींना अस्तर लावणं हा खरोखर पैशाचा धूर आहे. मंगलोरी कौलांचं छप्पर फटींतून श्वास घेतं, आणि १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनचा कौलकारखाना निघाल्यापासून ते पश्चिम किनारपट्टीवर पसरत गेलं, त्याचं एक कारण हेच. पत्र्यानं ती सोय काढून घेतली. आढ्याला हवेची फट ठेवून ती बऱ्याच अंशी परत मिळवता येते. पण तोच वारा मीठ आणतो. वेल्डिंगच्या भागाला ते चालतं, मोजमापाच्या साधनांना, बेअरिंगना, इंजेक्टरच्या सुट्या भागांना चालत नाही. म्हणून सगळी इमारत बंद करण्याऐवजी मोठा भाग उघडा, छपराखाली फॉइल लावलेला ठेवावा, आणि एकच लहान खोली नीट बंद करून घ्यावी. अलिबागेत याचं जुनं उदाहरण आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला आली, तेव्हा नाजूक यंत्रांसाठी चुंबकत्व नसलेल्या दगडाची, आतलं तापमान दिवसभरात फारसं हलणार नाही अशी खोली बांधली गेली. साऱ्या आवाराचं तापमान राखायचा विचार कुणी केला नाही. दहा बाय दहा फुटांची खोली व्यावसायिकाकडून करून घेणं आणि आठशे चौरस फुटांची शेड त्याच्याकडून करून घेणं, यांच्या खर्चात जो फरक पडतो त्यातून बाकीच्या छपराचा रंग आणि फॉइल निघते.

काम द्यायचं तर पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत द्यावं. मे महिन्यात सगळे कंत्राटदार गळत्या काढण्यात गुंतलेले असतात, आणि जूनमध्ये लावलेलं अस्तर जूनचीच दमट हवा आत कोंडून घेतं. दर विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: वाफरोधक थर कुठल्या बाजूला येणार, पॅनेलचा सांधा कशानं बंद होणार, आणि छतातून जाणाऱ्या पाइपाभोवती काय करणार. जो पहिल्याच प्रश्नाला ‘दोन्हीकडे चालतं’ म्हणतो त्याला चहा पाजून निरोप द्यावा. वरचं आवरण बसण्यापूर्वी प्रत्येक सांध्याचा फोटो काढून ठेवावा, आणि करारातच दहा टक्के रक्कम पहिल्या पावसाळ्यानंतर देण्याची अट घालावी. ती देण्याची वेळ मात्र गणपतीत आणू नये. पावसाचं पाणी तेव्हाच कळतं, दवाचं नाही. जानेवारीतल्या एखाद्या निरभ्र पहाटे, सूर्य वर येण्याआधी, आत टॉर्च मारून पत्र्याची खालची बाजू पाहावी आणि मग हिशेब चुकता करावा.